मिशनच्या शाळेत दोन भाषांची तुकडी: मराठवाड्यात हे जमेल का?

गोदाकाठची

आमच्या तालुक्याच्या गावी सिस्टरांची शाळा आहे. एकाच आवारात दोन शाळा म्हणा ना. जुनी अनुदानित मराठी माध्यमाची आणि तिच्या शेजारी नंतर उभी राहिलेली विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची. मराठीचा पट दरवर्षी घसरतोय, इंग्रजीच्या पहिलीला मात्र पालक फेब्रुवारीतच फॉर्म भरून ठेवतात. आता मराठीची पहिली बंद करायचं चाललंय. आम्ही काही पालकांनी सिस्टरांना विचारलं की तुकडी बंद करण्याऐवजी दोन्ही भाषांत शिकवणारी एक तुकडी काढता येईल का? त्या म्हणाल्या, लेखी द्या, वर विचारू. अर्ज लिहायच्या आधी इथल्या जाणत्या मंडळींशी बोलावं म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. मला सेमी इंग्रजी नकोय. सेमीत मराठी माध्यमाच्या पोरांना गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजी मिळतात, बाई फळ्यावर इंग्रजी लिहितात आणि समजावतात मराठीत. परीक्षेत लिहायचं इंग्रजीत. म्हणजे इंग्रजीत विचार करायला, बोलायला कुणी शिकवतच नाही, आणि विज्ञानाचं मराठी लिहिणंही सुटतं. मला हवी आहे ती अशी तुकडी, जिथं दोन्ही भाषांत वाचन, लेखन आणि विषय शिकवले जातील, कुठल्या वेळी कुठली भाषा हे पक्कं ठरलेलं असेल, आणि चौथी-पाचवीत गेल्यावर मराठी गळून पडणार नाही.

हे का वाटतं ते सांगते. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीला आहे. वहीत 'रूट्स अॅब्सॉर्ब वॉटर फ्रॉम द सॉइल' हे वाक्य सुंदर अक्षरात लिहिलेलं. खाली बरोबरची खूण, शेजारी स्टार. तिला विचारलं, अॅब्सॉर्ब म्हणजे काय? गप्प. तीच पोरगी आजोबांबरोबर मोसंबीच्या बागेत जाते. झाडाला दुहेरी आळं का करतात, पाणी खोडाला लागू न देता बाहेरच्या आळ्यात का सोडायचं, ते ती घडाघडा सांगते. खोडाला पाणी लागलं की डिंक्या येतो, आणि पाणी पिणाऱ्या बारीक मुळ्या खोडापाशी नसतात, लांब पसरलेल्या असतात. हे तिला पाठ नाही, कळलेलं आहे. पण ते सांगायला शाळेत जागाच नाही, कारण ते तिच्याकडं मराठीत आहे आणि वर्गात मराठी बोललं की डायरीत शेरा येतो.

मिशनच्या शाळांकडूनच मी हे का मागते? कारण दोन्ही भाषा जाणणारी माणसं त्यांच्याच आवारात आहेत. चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या सिस्टर आहेत, मराठी माध्यमाचे अनुभवी गुरुजी-बाई आहेत, आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीतच होते. इतर इंग्रजी शाळांना हे सगळं बाहेरून आणावं लागेल.

अनुभव असेल तर लिहा. विरोध असेल तर तोही लिहा.

---

मूळचा_परभणीकर

ताई, धागा अगदी वेळेवर काढलात. मी बरीच वर्षं अमेरिकेत आहे. आम्ही ख्रिस्ती नाही, पण मुलगा घराजवळच्या कॅथलिक शाळेत गेला. तिथं इंग्रजी आणि स्पॅनिश अशी दुहेरी भाषेची योजना होती. आम्हाला दोन्ही भाषा घरच्या नव्हत्या, त्यामुळं ती योजना जवळून पाहिली.

पद्धत अशी. वर्गात साधारण निम्मी मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली आणि निम्मी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली. काही शाळा बालवर्गात नव्वद टक्के वेळ स्पॅनिशला देतात आणि दरवर्षी इंग्रजी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत निम्म्यावर आणतात. काही शाळा पहिल्या दिवसापासून निम्मं-निम्मं ठेवतात. मुलाच्या शाळेत दुसरी पद्धत होती. भिंतीवरचे तक्ते दोन रंगांत, एका रंगात स्पॅनिश, दुसऱ्यात इंग्रजी. स्पॅनिशच्या वेळेत बाई इंग्रजी बोलतच नसत. मूल अडलं तर हावभाव, चित्र, शेजारच्या मुलाची मदत. लगेच भाषांतर करून दिलं की मूल पुढच्या वेळी ऐकतच नाही, भाषांतराची वाट बघतं, असं त्या म्हणायच्या.

इतिहास थोडा सांगतो, कारण तो तुमच्या प्रश्नाला लागू आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या जर्मन कॅथलिकांच्या पॅरिश शाळांत, म्हणजे एकेका चर्चच्या स्वतःच्या शाळांत, जर्मन आणि इंग्रजी दोन्ही चालायचं. पोलिश, फ्रेंच बोलणाऱ्यांच्याही अशा शाळा होत्या. १८८४ मध्ये बाल्टिमोरला बिशपांची परिषद झाली आणि प्रत्येक पॅरिशनं शाळा काढावी असं ठरलं, तेव्हा या शाळा फार वाढल्या. पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी लाट आली आणि अनेक राज्यांनी परभाषेतून शिकवण्यावर बंदी घातली. नेब्रास्का राज्यातला असा कायदा १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, पण तोवर बहुतेक शाळा इंग्रजीवर गेल्या होत्या. पुढं १९६३ मध्ये मायामीतल्या कोरल वे या सरकारी शाळेत क्यूबाहून आलेल्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी दोन भाषांची शाळा सुरू झाली, आणि आजची पद्धत तिथून धरतात.

कॅथलिक शाळा याकडं पुन्हा वळल्या त्यामागं तत्त्व आहे तसा पटही आहे. शहरांतल्या जुन्या पॅरिश शाळा मुलांअभावी बंद पडत होत्या, आणि त्याच चर्चमध्ये रविवारी स्पॅनिश बोलणारी कुटुंबं दाटीनं बसत होती. पण ती मुलं शाळेत नव्हती. दुहेरी भाषेमुळं ती घरं शाळेत आली. बोस्टन कॉलेजच्या रोश सेंटरनं अशा शाळांचं एक जाळं बांधलंय. शिक्षकांचं प्रशिक्षण, अभ्यासक्रम आणि मुख्याध्यापकांना सल्ला ते देतात.

तुमच्या सिस्टरांपुढं हाच मुद्दा ठेवा. मराठीची तुकडी बंद करायचा प्रश्न पटामुळं आलाय ना? मग पट वाढवायचा हा एक मार्ग आहे.

---

सुनंदा_वैजापूर

मी विरोधात लिहिते, राग मानू नका ताई.

आमचं घर घोगरगावजवळ. आमच्याकडं फादर जाकिए यांच्या समाधीला ख्रिस्ती जातात तसे इतरही जातात. फ्रान्समधून येऊन त्यांनी आमच्या पणज्याच्या पिढीला अक्षरओळख करून दिली. त्यांचं ऋण आहेच. पण त्या शाळांतून जी मराठी शिकली ती माणसं पुढं गेली कुठवर? शिपाई, चौथीपर्यंतचे मास्तर, दवाखान्यात आया. शहरात जालना रोडवरच्या सेंट फ्रान्सिस डी सेल्ससारख्या शाळेत इंग्रजी शिकलेली पोरं बँकेत, कंपनीत, परदेशात गेली. हा फरक आम्ही डोळ्यानं पाहिलाय.

माझं स्वतःचं सांगते. दहावीपर्यंत मराठीत शिकले, चांगले मार्क होते. अकरावी सायन्सला लातूरला गेले. पहिल्या दिवशी सरांनी फिजिक्स सुरू केलं आणि मला काही कळेना. गणितं यायची, पण प्रश्न काय विचारलाय तेच कळायचं नाही. शेजारच्या मुलीला विचारायचीही लाज वाटायची. बारावीनंतर डी.एड. केलं. माझ्या लेकरांवर ती वेळ येऊ द्यायची नाही, म्हणून फी भरून इंग्रजी शाळेत घातलंय.

ज्यांच्या घरात पुस्तकं आहेत, ज्यांचे आजोबा बाग दाखवतात, त्यांना दोन भाषा परवडतात. आमच्या लेकराला इंग्रजी मिळायचा एकच दरवाजा आहे, तो शाळेचा. त्यातले निम्मे तास मराठीला द्या म्हणता, मग इंग्रजी निम्मंच मिळणार.

---

गोदाकाठची

सुनंदाताई, राग कशाचा? तुम्ही लिहिलं ते आमच्याही बैठकीत सगळ्या आयांनी बोलून दाखवलं. त्याला उत्तर नसेल तर अर्ज द्यायचाच नाही असं मी ठरवलंय.

तुमचं लातूरचं उदाहरण माझ्या मते दोन्ही बाजूंनी बोलतं. तुम्हाला फिजिक्स येत नव्हतं असं नाही, गणितं येत होती. इंग्रजीतला लांब प्रश्न वाचता येत नव्हता. म्हणजे दहावीपर्यंत कुणीही तुमच्याकडून विज्ञानाचं पानभर इंग्रजी वाचून घेतलं नाही, त्यावर बोलायला लावलं नाही. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं, पण ते एका विषयापुरतंच राहिलं.

आता आमच्या इंग्रजी शाळेत काय होतं ते बघा. तास आठही इंग्रजीचे, पण त्यातलं बोलणं किती? बाई वाचतात, पोरं मागून म्हणतात, उत्तर फळ्यावर येतं, पोरं उतरवतात. माझ्या मुलीला तिसरीपर्यंत स्वतःच्या मनानं इंग्रजीत एक परिच्छेद लिहायला कुणी सांगितलेलं नाही. तास इंग्रजीच्या नावावर आहेत म्हणून इंग्रजी मिळतंच असं नाही. मला वाटतं, रोज तीन तास खरं इंग्रजी, म्हणजे मुलं बोलतायत, चुकतायत, पुन्हा बोलतायत असं, हे आठ तासांच्या उतरवण्यापेक्षा जास्त देईल.

जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाचं म्हणणं शिक्षणशास्त्रात नेहमी सांगितलं जातं. दुसऱ्या भाषेत गप्पा मारण्याइतकं मूल साधारण दोन वर्षांत शिकतं, पण त्या भाषेत अभ्यास करायला, वाचून समजून लिहायला पाच ते सात वर्षं लागतात. आणि पहिल्या भाषेत वाचन पक्कं असेल तर ते दुसऱ्या भाषेत उतरतं. हे त्यांनी त्या देशांबद्दल लिहिलंय जिथं रस्त्यावरही इंग्रजीच ऐकू येतं. आपल्याकडं तर शाळेच्या फाटकाबाहेर इंग्रजी नाही. मग पहिली-दुसरीत मराठी वाचन पक्कं करणं आणखीच गरजेचं.

---

तांडा_ते_शाळा

जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, स्वतः बंजारा. या चर्चेत एक गोष्ट सुटायलीय.

तुम्ही 'दोन भाषा' म्हणता तेव्हा मराठी ही घरची भाषा धरता. आमच्या तांड्यावरच्या लेकराला मराठी शाळेतच पहिल्यांदा भेटते. घरी गोरमाटी. देगलूर-बिलोलीकडं घरात तेलुगू असलेली मुलं आहेत, उमरगा-उदगीरच्या पट्ट्यात कन्नड. या मुलांना मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं तर ती इंग्रजी ही तिसरी भाषा शिकायलीत. त्यात ऊसतोडीला जाणारं घर असलं तर दिवाळीनंतर लेकरू कारखान्याच्या तळावर आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत. पश्चिम महाराष्ट्रात गेलं तर मराठीच, पण कर्नाटकात गेलं की तीही नाही.

मी पहिलीच्या वर्गात पहिले दोन-तीन महिने गोरमाटी बोलतो. पाण्याला, आईला, भाकरीला लेकरू काय म्हणतं ते आधी फळ्यावर त्याच्याच उच्चारात, देवनागरीत लिहितो. मग शेजारी मराठी. लेकराला कळतं की आपण बोलतो ते लिहिता येतं. तिथून पुढं वाचन लवकर येतं, हा माझा दर वर्षीचा अनुभव. तुमच्या अर्जात 'मराठी' असं लिहिण्याआधी तुमच्या तुकडीत कोण येणार आहे ते मोजा. गावातली ख्रिस्ती वस्ती, तांडा, मोहल्ला. नाहीतर दोन भाषांची तुकडीही मराठी घरांच्याच सोयीची होईल.

---

शहागंजवाला

तांडा सर, अगदी मनातलं बोललात. आमच्या घरी दखनी. संभाजीनगरात कॉन्व्हेंटमध्ये मुसलमान मुलं भरपूर असतात. आम्ही घरी दखनी, गल्लीत दखनी आणि मराठी, शाळेत इंग्रजी, मदरशात अरबी वाचन. उर्दू लिहिता येत नाही आणि मराठी पेपरला भीती. माझा धाकटा भाऊ मराठीत पस्तिसावर काढला गेला, बाकी सगळ्यात ऐंशीच्या वर. तो मराठी फर्राट बोलतो.

परभणीकर भाऊंनी अमेरिकेचं लिहिलं ते वाचताना एक विचार आला. तिथं निम्मी मुलं या भाषेची, निम्मी त्या भाषेची, म्हणून मुलं एकमेकांकडून शिकतात. आपल्याकडं इंग्रजी घरी बोलणारं मूल वर्गात एकही नाही. म्हणजे मराठी-इंग्रजी तुकडीत इंग्रजी फक्त बाईंकडूनच मिळणार. पण मराठी आणि उर्दू अशी तुकडी काढली तर? आमच्या शहरात निम्मी-निम्मी मुलं सहज मिळतील. ती खरी दोन्ही बाजूंची शाळा होईल. मधल्या सुट्टीत ती मुलं हे करतातच, वर्गात करू देत नाही कुणी.

मला माहीत आहे की याला फी भरणारे पालक मिळणार नाहीत. पण बोलायला तर हवं.

---

निवृत्त_हेडमास्तर_बीड

शहागंजवाले, तुमच्या प्रतिसादावर आधी लिहितो.

आमचे वडील निजामाच्या राज्यात शिकले. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं वैद्यक आणि विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवत. भारतीय भाषेतून विद्यापीठ चालवणं ही मोठीच गोष्ट होती, पण ती भाषा मराठवाड्यातल्या बहुसंख्य घरांची नव्हती. मग मराठीसाठी वेगळ्या शाळा उभ्या राहिल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी. स्वामी रामानंद तीर्थ दोन्ही ठिकाणी शिकवायला होते. वडिलांचा हिशोब मराठीत, अर्ज उर्दूत, आणि दोन्हीत अक्षर देखणं. १९४८ नंतर मराठी आली आणि ती उर्दू एका पिढीत आमच्या घरातून गेली. माझ्या शाळेत मी दोन्ही भाषांचे मास्तर एका खोलीत बसलेले पाहिलेत, पण एका वर्गात कधीच पाहिले नाहीत. तुमची सूचना म्हणूनच मला मोलाची वाटते.

आता व्यवहार. बाईंच्या अर्जाची खरी गाठ इथं आहे. अनुदानित मराठी शाळेत शिक्षकांचे पगार शासन देतं, फी नाही. पदं ठरतात संच मान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे त्या शासनाच्या मंजुरीत, आणि ती ठरते पटावरून. तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. एकदा गेलेलं पद सहसा परत येत नाही. इंग्रजी शाळा विनाअनुदानित, तिथं पगार फीमधून. दोन भाषांची तुकडी तुम्ही कुठल्या शाळेत दाखवणार? मराठी शाळेत दाखवली तर अनुदानित शिक्षक मिळतात, फी घेता येत नाही आणि गरीब मूलही येऊ शकतं. पण कागदावर ती मराठी माध्यमाचीच, फार तर सेमी. इंग्रजी शाळेत दाखवली तर फी येते आणि सुनंदाताई म्हणतात ते घर पुन्हा बाहेर राहतं.

माझा सल्ला, मराठी शाळेतच दाखवा. कागदोपत्री सेमीची परवानगी घ्या, वर्गात दोन भाषांचं वेळापत्रक चालवा. नियम मोडावा लागत नाही. इंग्रजी शाळेतल्या एक-दोन सिस्टरांनी इंग्रजीचा वेळ येऊन घ्यावा. एकाच संस्थेच्या दोन शाळा असल्याचा हा फायदा.

---

कॉन्व्हेंटची_बाई

वाचत होते, आता लिहिते. मी मराठवाड्यातच एका कॉन्व्हेंटच्या इंग्रजी शाळेत शिकवते. नाव अर्थातच देत नाही.

सर, सिस्टरांनी येऊन तास घ्यावेत हे चांगलं आहे, पण आतलं थोडं सांगते. आमच्याकडच्या सिस्टर केरळ, झारखंड, गोवा, वसई अशा ठिकाणांहून आलेल्या. इंग्रजी चांगलं, आणि बहुतेकींनी इथं येऊन मराठी कष्टानं शिकलेली. पण त्यांची बदली होते. एक मुख्याध्यापिका आली, तिनं मराठी वाचनाचा रोजचा तास सुरू केला, ग्रंथालयात मराठी पुस्तकं आणली. पोरं तुटून पडली. काही वर्षांनी त्या दुसऱ्या राज्यात गेल्या. नव्या सिस्टरांचा जोर स्पोकन इंग्लिशवर. मराठी पुस्तकं कपाटात गेली, तो तास स्पर्धा परीक्षेला गेला. दोघीही मनापासून काम करणाऱ्या होत्या, पण योजना माणसाबरोबर आली आणि माणसाबरोबर गेली. दोन भाषांचं काम निदान बालवर्ग ते सातवी असं सलग चालायला हवं. म्हणून अर्ज मुख्याध्यापिकांना देऊ नका. त्यांच्यामार्फत प्रॉव्हिन्शियल सिस्टरांना, म्हणजे त्यांच्या संघाच्या प्रांतप्रमुखांना, द्या आणि धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या, शिक्षण मंडळालाही प्रत द्या. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ पासून स्वतंत्र आहे. निर्णय तिथून आला तर बदल्यांत टिकेल.

दुसरं, आम्हा स्थानिक शिक्षिकांबद्दल. आम्ही बहुतेक मराठी माध्यमातून डी.एड. केलेल्या. वर्गात इंग्रजी बोलायची सक्ती असते म्हणून आम्ही पाठ केलेल्या वाक्यांत बोलतो. 'ओपन युवर बुक', 'कीप क्वाएट', 'कम्प्लीट युवर वर्क'. मूल नवीन प्रश्न विचारतं तेव्हा त्याला इंग्रजीत नीट समजावता येत नाही आणि मराठीत समजावू देत नाहीत. मग मूल विचारायचंच सोडतं. मला मराठीच्या वेळेत परिसर अभ्यास शिकवायला दिला तर मी मुलांना नदीवर नेईन, बाजारात नेईन, नकाशा काढायला लावीन. माझं जे उत्तम आहे ते आज शाळेला मिळतच नाही.

---

वसईचा_मराठी_ख्रिस्ती

आमच्याकडं चर्चच्या मराठी शाळा जुन्या आहेत आणि पालकांचा इंग्रजीकडं ओढा तसाच आहे, त्यामुळं धागा आपलाच वाटला.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकापासून, मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली. वसईत आणि तुमच्याकडंही ती मराठीत आली. आता होतं असं की इंग्रजी शाळेतल्या मुलाला रविवारी चर्चमध्ये पहिलं वाचन करायला उभं केलं की ते अडखळतं. आजीला वाटतं, पोराचा धर्माकडं ओढा राहिला नाही. तसं नसतं. त्याला 'अभिवचन', 'पापक्षमा' असे शब्द नुसते ओळखीचे असतात, वाचताना तोंडात बसत नाहीत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० च्या जानेवारीत तुमच्या धाराशिवलाच ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्या मंडपात आम्ही वसईहून गेलो होतो. कॅथलिक फादर मराठवाड्यात मराठीच्या संमेलनाचा अध्यक्ष, हे पाहताना ऊर भरून आला होता. आपल्या शाळांनी त्याच्या पुढं जायला हवं.

चर्चकडून पाठिंबा हवा असेल तर धर्मशिक्षणाचा तास मराठीत ठेवा ही मागणी आधी करा. ती कुणी नाकारणार नाही, आणि मराठी वाचनाला रोजची जागा मिळेल.

---

कायद्याचं_बोलू_काही

थोडक्यात तीन गोष्टी, अर्जात उपयोगी पडतील.

संविधानाच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याक संस्थांना आपल्या शाळा चालवायचा हक्क आहे, आणि माध्यम कोणतं ठेवावं याची सक्ती शासन करू शकत नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या कर्नाटकच्या निकालात स्पष्ट केलंय. म्हणजे संस्थेनं ठरवलं तर ती हे करू शकते, दबाव टाकून करून घेता येणार नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे, पण तो विषय म्हणून. मराठीतून विज्ञान शिकवा असं तो म्हणत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मात्र किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असं सुचवतं आणि दोन्ही भाषांतल्या पुस्तकांचा उल्लेख करतं. बालभारतीनं पहिलीसाठी एकात्मिक द्विभाषिक पुस्तकं काढली होती, त्यात गणिताच्या संज्ञा दोन्ही भाषांत शेजारी शेजारी होत्या. मिळाली तर जरूर पाहा.

आणि २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जो शासन निर्णय आला आणि जूनअखेरीस मागे घेतला गेला, तो वाद या अर्जात आणू नका. त्या वादात तिसऱ्या भाषेच्या नावानं इतकं तापलं की दोन भाषा नीट शिकवायचा प्रश्न बाजूलाच पडला.

---

सुनंदा_वैजापूर

सगळं वाचलं. हेडमास्तर सरांनी मराठी शाळेतच तुकडी दाखवा म्हटलं, तिथं फी नसेल, आणि इंग्रजी सिस्टर शिकवतील, तर माझा विरोध निम्मा गेला. फी भरून जे मिळत नाही ते बिनफीचं मिळत असेल तर आमच्यासारखे पहिले येतील.

पण माझी एक अट अर्जात घाला. दुसरीच्या शेवटी आणि चौथीच्या शेवटी पालकांसमोर लेकराला इंग्रजीत बोलायला लावा, न वाचलेला धडा वाचायला लावा. मराठीतही लावा. पाठ केलेली कविता नको. आम्हाला मार्कांवर विश्वास राहिला नाही. कानानं ऐकू तेव्हा खरं.

---

गोदाकाठची

सुनंदाताई, ही अट सगळ्यात वर घालते.

मसुदा असा होतोय. तुकडी मराठी शाळेची, बालवर्ग आणि पहिलीपासून, दरवर्षी एक इयत्ता वाढवत. पहिली-दुसरीत वाचन-लेखनाची सुरुवात मराठीत, इंग्रजी रोज दीड तास पण सगळं तोंडी: गोष्टी, खेळ, सूचना, चित्रांवर बोलणं. तिसरीपासून वेळ निम्मा-निम्मा. गणित इंग्रजीच्या वेळेत, परिसर अभ्यास मराठीच्या वेळेत, आणि दोन्हींत आठवड्यातून एकदा दुसऱ्या भाषेत त्याच धड्यावर बोलणं, म्हणजे संज्ञा दोन्हीकडच्या येतील. धर्मशिक्षण आणि मूल्यशिक्षण मराठीत. एका वेळी एकच भाषा, पण मुलानं घरच्या भाषेत प्रश्न विचारला तर डायरीत शेरा नाही. हे मी ठळक लिहिणार आहे. तांडा सरांनी सांगितल्याप्रमाणे प्रवेशाच्या वेळी घरची भाषा नोंदवायची, आणि गोरमाटी किंवा दखनी बोलणारी मुलं असतील तर पहिल्या सत्रात त्या भाषेत बोलू शकणारी एक मदतनीस. तिचं मानधन पालक समिती देईल, तेवढी तयारी आम्ही दाखवलीय.

शहागंजवाले भाऊ, मराठी-उर्दूची तुकडी आमच्या अर्जात बसत नाही, पण वेगळा धागा काढा, मी तिथं लिहीन.

---

निवृत्त_हेडमास्तर_बीड

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या. गणित तिसरीपासून इंग्रजीत नेताना पाढे मराठीत पाठ झालेले असतील, ते तसेच राहू द्या. तोंडी हिशोब मूल ज्या भाषेत करतं त्यात करू द्यावा, लिहिताना इंग्रजी. आणि अर्ज जूनमध्ये देऊन उपयोग नाही. पट ३० सप्टेंबरचा धरतात, तोवर पहिली भरलेली दिसली पाहिजे. म्हणजे प्रवेशाची फेरी जानेवारी-फेब्रुवारीतच घरोघर करावी लागेल, इंग्रजी शाळेचे फॉर्म निघायच्या आधी. तुमच्या मराठी शाळेतले गुरुजी यात सगळ्यात जास्त पळतील, कारण त्यांचं पद त्यावर आहे. त्यांना आजच बैठकीत घ्या.

---

मूळचा_परभणीकर

मुलाच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंशी अजून संपर्क आहे. त्यांचं आठवड्याचं वेळापत्रक आणि दोन रंगांच्या तक्त्यांचे फोटो मागवतो. स्पॅनिशच्या जागी मराठी घालून इथं टाकेन, तुम्ही अर्जाला जोडा. पालकांसाठी त्या एक पत्र देत असत: घरी मुलाशी तुमच्याच भाषेत बोला, तुमच्याच भाषेत गोष्ट वाचा, शाळेची भाषा घरी बोलायचा अट्टहास करू नका. त्याचं मराठी मी करतो. गोरमाटी कोण करेल?

---

तांडा_ते_शाळा

मी करतो. पाठवा.